पॅनिक अटॅक: बोगदे, पाऊस, समुद्र आणि आपण (कोकणात राहणाऱ्यांसाठी धागा)

सुरंगी (रत्नागिरी)

पॅनिक अटॅकबद्दल मराठीत शोधलं की एकतर 'सकारात्मक विचार करा' छापाचे लेख सापडतात, नाहीतर पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांच्या जाहिराती. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात राहून हा त्रास काढणाऱ्या माणसानं जायचं कुठे, करायचं काय, घरच्यांना सांगायचं कसं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

माझं थोडक्यात सांगते. नोकरी करते, घरी सासू-सासरे, मुलं, सगळं नीट चाललेलं. पहिला अटॅक आला तो रेल्वेत, करबुड्याच्या बोगद्यात. उक्षी आणि भोकेच्या मधला तो साडेसहा किलोमीटरचा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. डब्यात दिवे होते, पंखे फिरत होते, समोरची बाई मुलाला चुरमुरे भरवत होती. एकाएकी छाती धडधडायला लागली, ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटं आखडली, घशात बोळा अडकल्यासारखं झालं. आपण आता मरणार याची खात्रीच पटली. रत्नागिरी येईपर्यंत सगळं ओसरलं होतं. इसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. घरी म्हणाले, पित्त झालं असेल.

पुढे अटॅक येत राहिले, पण मला मुख्य बोलायचंय ते मी काय काय सोडत गेले त्यावर. आधी रेल्वे सोडली. मग कोल्हापूरला माहेरी जाणं सोडलं, कारण आंबा घाटात काही झालं तर वाटेत दवाखाना नाही. मग बाजार. मग देवळात आरतीची गर्दी असली की मी बाहेर चपलांपाशी उभी. अटॅक दहा-वीस मिनिटांचा, पण 'तो येईल' या धास्तीनं माझं अख्खं जग घर आणि ऑफिस एवढंच उरलं. त्या धास्तीवर उपचार होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी आमच्या फिजिशियननीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. घरात तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण 'आता हिला रत्नागिरीला नेऊया' म्हटलं की कोकणात सगळे काय समजतात ते इथे सांगायला नको. मी तर रत्नागिरीतच राहते! इथल्या मनोरुग्णालयाच्या नावाची ती भीती इतकी मुरलेली आहे की माणसं साध्या धडधडीसाठीही त्या वाटेला जात नाहीत. मी गेले, गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही घेतलं, आज बरी आहे. कधी धडधडतं, पण त्यासाठी काही सोडत नाही.

तुमचे अनुभव लिहा. फक्त औषधांची नावं आणि डोस एकमेकांना सुचवू नका, एवढी विनंती.

---

तिरफळ (कुडाळ)

सुरंगीताई, बरं केलंत धागा काढलात. माझा प्रश्न सरळ आहे. छातीत कळ आली की ती हृदयाची की पॅनिकची हे ओळखायचं कसं? आमच्या वाडीतले एक गृहस्थ 'गॅस झालाय' म्हणत सोडा पीत बसले आणि तासाभरात गेले. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. रात्री नाडी धरून बसतो. हातातलं घड्याळ ठोके दाखवतं, आकडा वाढलेला दिसला की घाबरतो आणि घाबरल्यावर तो आणखी वाढतो. दोनदा मध्यरात्री शेजाऱ्याला उठवून दवाखाना गाठला. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जा. आवस (आई) म्हणता, 'तुका दिष्ट लागली हा, मीठमिरची ओवाळून टाकतंय.' टाकली. त्या रात्री झोप लागली, दुसऱ्या रात्री परत तेच.

---

अबोली

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, कोकणातच प्रॅक्टिस करते. इथे कुणाला तपासता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

तिरफळ, पहिल्यांदा असं झालं तर ओळखायच्या फंदात पडूच नका. सरळ दवाखाना गाठा, इसीजी काढा. छातीवर दाब, हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, चालताना वाढणारं दुखणं, यातलं काही असेल तर १०८ ला फोन. चाळिशी उलटली असेल, मधुमेह, बीपी, तंबाखू असेल किंवा घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झाला असेल तर जास्तच सावध. बायकांना आणि मधुमेहींना कधी कधी छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो. नुसती धाप, मळमळ, प्रचंड थकवा. त्यामुळे मोबाईलवरचा 'फरक ओळखा' तक्ता वाचून घरी बसू नये. तुमच्या वाडीतल्या गृहस्थांच्या बाबतीत जे झालं ते म्हणूनच फार वाईट वाटतं.

एकदा मात्र नीट तपासणी होऊन हृदय ठीक निघालं, आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर हेही पाहून झालं (या तिन्हींच्या गडबडीतही धडधडतं), की पुन्हा पुन्हा इसीजी काढणं थांबवायचं. रिपोर्टानं दोन दिवस धीर येतो आणि तिसऱ्या दिवशी नवीन रिपोर्टाची गरज वाटायला लागते. नाडी मोजणं, घड्याळ बघणं याचंही तेच. लक्षणांचं स्वरूप बदललं तर अर्थातच पुन्हा दाखवायचं.

आता हे होतं कसं. धोका दिसला की शरीर पळायला किंवा झुंजायला तयार होतं: अॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, स्नायू ताठतात, श्वास वाढतो. पॅनिकमध्ये हे सगळं खरोखर घडतं, फक्त समोर धोका नसतो. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसावर भुंकावा तसं. यात नवीन काही नाही. १८७१ मध्ये जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांविषयी लिहिलं होतं: छातीत धडधड, दुखणं, धाप, आणि हृदय तपासावं तर निरोगी. पॅनिक डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून मान्य व्हायला मात्र १९८० उजाडलं.

सुरंगी, तुमच्या बोटांचं सांगते. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो उतरला की ओठांना, बोटांना मुंग्या येतात, बोटं आखडतात, गरगरतं, आणि श्वास पुरत नाही असंही वाटतं. वास्तविक ऑक्सिजन भरपूर असतो. अशा वेळी आजूबाजूचे सगळे 'मोठे मोठे श्वास घे' सांगतात आणि त्रास वाढवतात. श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकानं हलकेच आत, मनात चार आकडे. ओठ चंबूसारखे करून बाहेर, सहा आकडे. सोडणं घेण्यापेक्षा लांब. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर त्यानं धोका होऊ शकतो.

चक्कर येऊन पडेन, ही भीती सगळ्यांना असते. बेशुद्ध पडायला रक्तदाब उतरावा लागतो, पॅनिकमध्ये तो बहुधा थोडा चढलेला असतो. म्हणून गरगरतं खूप, पण माणूस सहसा पडत नाही. रक्त किंवा सुई पाहून घेरी येणारे मात्र वेगळे, त्यांचा रक्तदाब खरंच उतरतो.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

माझा त्रास यात बसतो का माहीत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं घर पाण्यात होतं. आई, मी आणि दोन पोरं माळ्यावर. खाली फ्रिज तरंगत होता आणि तो भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता, एका ठेक्यात, रात्रीपर्यंत. दुकानातला माल गेला, कागदपत्रं गेली. त्याचं दुःख झालं, पण त्यातून सावरलो.

पण पावसाचा जोर रात्री वाढला की अंगाला कापरं भरतं. बॅटरी घेऊन गटाराचं पाणी बघून येतो. परत आडवा होतो, परत उठतो. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी 'धरणाचं पाणी सोडलं' म्हणून टाकतं आणि माझी छाती फुटायची वेळ येते. ओल्या चिखलाचा वास आला तरी तो आवाज कानात येतो. बायको म्हणते, किती वर्षं तेच धरून बसणार. मी धरून बसलेलो नाही हो, तेच मला धरून बसलंय.

---

अबोली

वाशिष्ठीकाठ, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. वास आला की आवाज ऐकू येणं, ती रात्र पुन्हा पुन्हा घडल्यासारखी वाटणं, झोप उडणं, सतत पहाऱ्यावर असणं, ही आघातानंतरच्या तणावाची लक्षणं वाटतात. त्यात पॅनिकसारखे झटके येतात, पण उपचार थोडे वेगळे असतात, आणि ते चांगले लागू पडतात. ती रात्र एखाद्या प्रशिक्षित माणसासमोर टप्प्याटप्प्यानं सांगायची असते, एकट्यानं उकरायची नसते. इतकी वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं मुळीच समजू नका.

दुसरी गोष्ट. सुरंगींच्या बोगद्यात धोका नव्हता, तुमच्या नदीला तो आहे. चिपळूण, महाड, खेडच्या माणसाला 'काही होत नाही रे' सांगणं खोटं आहे. अशा वेळी खऱ्या धोक्याची तयारी एकदाच, दिवसाउजेडी, डोकं शांत असताना करून ठेवायची: कागदपत्रांची पिशवी वर कुठे, आईची औषधं कुठे, पाणी किती चढलं की निघायचं, कुणाकडे जायचं. नदीची पातळी नगरपालिकेच्या किंवा प्रशासनाच्या सूचनेतूनच बघायची, ठरावीक वेळी. बाकीचे ग्रुप रात्रीपुरते बंद. तयारीनं भीती जाईल असं नाही, पण रात्री दोनला उठून गटार बघायचं की नाही याचा निर्णय भीतीनं घ्यायचा नाही, तो आधीच घेतलेला असतो.

घरी वहिनींना हा प्रतिसाद वाचायला द्या.

---

माजघर (राजापूर तालुका)

नातीनं हे सगळं वाचून दाखवलं, टाइपही तीच करते आहे. माझं वय सत्तरीच्या पुढे. यजमान गेल्यावर मला असंच व्हायचं. संध्याकाळी दिवेलागणीला जीव वरखाली व्हायचा, तळपायाला घाम, घरात कुणी नसलं की दार उघडं टाकून पायरीवर येऊन बसायची. तेव्हा कुणी डॉक्टर दाखवला नाही. देवळात गाऱ्हाणं घातलं, गुरवानं नारळ ठेवला, चार बायका रोज संध्याकाळी येऊन बसायला लागल्या. हळूहळू कमी झालं.

माझं एवढंच म्हणणं की गाऱ्हाण्याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. त्यानं मला आधार होता.

---

सुरंगी

आजी, कुणी म्हणणार नाही. रोज संध्याकाळी चार बायका येऊन बसत होत्या हे वाचून वाटलं, हे आज किती जणांच्या वाट्याला येतं? निम्मी घरं बंद, मुलं मुंबईला, दिवेलागणीला वाडीत हाक मारायला माणूस नाही.

माझ्या सासूबाईंनीही ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं आणि मी हात जोडून उभी होते. त्याच दिवशी गोळीही घेतली. दोन्ही एका घरात नांदतं. माझा विरोध आहे तो गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याला, बाईला 'बाहेरचं' आहे म्हणून कोंडणाऱ्याला, मारणाऱ्याला, धूर देणाऱ्याला, घाबरलेल्या घराकडून पैसे उकळणाऱ्याला. आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, असं कुठे दिसलं तर पोलिसांत जा.

---

खाडीपलीकडे (दापोली तालुका)

धाकट्या भावाबद्दल लिहितो. तो मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे. गेल्या हंगामात रात्री जाळं टाकलेलं असताना त्याला घुसमटायला लागलं, छाती आवळली, हातपाय गार. किनारा दिसत नव्हता. तांडेल (बोटीचा प्रमुख) चांगला माणूस, जाळं ओढून घेतलं आणि बोट बंदराला लावली. त्या खेपेचं डिझेल, बर्फ सगळं अंगावर. सगळ्यांचं नुकसान आपल्यामुळे झालं याची लाज त्याला अटॅकपेक्षा जास्त लागली.

आता तो बोटीवर चढायच्या आधी दारू घेतो. म्हणतो, घेतली की धडधडत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरी होता तेव्हा एकदम ठणठणीत, आम्हाला वाटलं गेलं सगळं. नारळी पौर्णिमा जवळ आली तसा गप्प गप्प झाला आणि बाटली परत सुरू. आम्ही काय करावं?

---

अबोली

दारूनं तासा-दोन तासांपुरती धडधड दबते. ती उतरताना शरीर उलट जास्त उत्तेजित होतं, हात कापतात, झोप मोडते, पहाटे अटॅक येतो. मग परत दारू. असं करत माणूस एका त्रासाचे दोन करून घेतो. त्यात बोटीवर, पाण्यावर, नशेत असणं म्हणजे जिवाशी खेळ.

एक महत्त्वाचं: तो रोज आणि जास्त पीत असेल तर जबरदस्तीनं एका दिवसात बंद करू नका. अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करायची, त्यासाठी औषधं आहेत.

बंदीच्या काळात बरा होता, याचं कारण जिथे भीती वाटते तिथे तो गेलाच नाही. म्हणून बंदीचे दोन महिने उपचार सुरू करायला सगळ्यात चांगले असतात, आणि आपल्याकडे नेमके तेच वाया जातात. या वर्षी काही आठवडे किनाऱ्याजवळचं काम मिळतं का पाहा: जाळी विणणं, लिलावाचं काम. तांडेलाला खरं काय ते सांगा. ज्यानं जाळं ओढून बोट परत आणली तो समजून घेईल.

---

हापूसबाग (देवगड)

बायकोला अटॅक येतात. मी शेजारी असतो आणि मला काही सुचत नाही. पाणी देतो, तळवे चोळतो, 'काही झालं नाहीये तुला' सांगतो तर ती चिडते. नेमकं काय करावं, ज्यांना होतं त्यांनी सांगा.

---

सुरंगी

दादा, विचारलंत यातच अर्धं आलं. मला काय चालतं ते सांगते, वहिनींना वेगळं लागेल, त्यांनाच शांतपणी विचारा.

'काही झालं नाहीये' ऐकलं की वाटतं, याला कळतच नाहीये आणि आता मी एकटीच. त्याऐवजी आमचे हे म्हणतात, "आलाय ना? मी आहे इथे. जाईल तो." एवढंच, आणि मग गप्प बसतात. आवाज खालचा. भोवती घोळका जमू देत नाहीत, हे फार मोठं काम आहे. मुलांना मागच्या पडवीत पाठवतात. मला हात धरलेला नको असतो, म्हणून विचारतात, "धरू?" मी मान हलवली तर नाही धरत. मधून मधून किती वेळ झाला ते सांगतात: "पाच मिनिटं झाली." अटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखराला पोचतो आणि मग उतरतो हे मला ठाऊक असतं, पण त्या वेळी माझं घड्याळ बंद पडलेलं असतं. दुसऱ्यानं सांगितलेली मिनिटं उपयोगी पडतात.

मी चप्पल काढून कोब्यावर उभी राहते. कोबा गार लागतो. भिंतीला पाठ टेकवते. मग समोर जे दिसेल ते मोठ्यानं म्हणते: रहाट, सुपारीच्या झापा, मांजर, दोरीवरचा निळा टॉवेल. पुढे ऐकू येतं ते: पंप, कावळा, शेजारचा टीव्ही. मन 'आता काय होईल' या प्रश्नातून समोरच्या अंगणात येतं. कधी लगेच जमतं, कधी नाही. नाही जमलं तरी अटॅक आपल्या वेळेनं उतरतोच.

आणि उतरल्यावर लगेच 'आता बरं वाटतंय ना, चल' नका करू. अंगातलं सगळं बळ गेलेलं असतं. कपभर साखरेचं कोकम सरबत किंवा पेज, आणि अर्धा तास पडू द्यावं. चहा नको, मला तरी त्यानं परत धडधडतं.

---

लालमाती

मी हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितोय. बारावी झाली, नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) दुसऱ्यांदा तयारी, कोल्हापूरला खोली घेऊन राहतो, गाव वेंगुर्ल्याकडे. मॉक टेस्टला पेपर हातात आला की बोटं बधिर होतात, अक्षरं हलतात. मागच्या टेस्टला उठून बाहेर आलो. घरी सांगितलं पोट बिघडलं होतं. बाबांनी कलमांवर कर्ज काढून फी भरली आहे. या वर्षी मोहर गळला. रात्री वाटतं की आपण नसलेलंच बरं, निदान खर्च तरी वाचेल.

---

सुरंगी

बाळा, तू लिहिलंस, फार चांगलं केलंस. आत्ता खोलीवर एकटा आहेस का? असशील तर बाजूच्या खोलीत जा, कुणाजवळ तरी बस. अभ्यासाचं काही बोलू नकोस, नुसता बस. आणि १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस, सरकारची सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी धाग्यावर आहे, लिहीत राहा.

---

अबोली

लालमाती, सरळ विचारते, कारण विचारल्यानं असे विचार वाढत नाहीत. जीव संपवायचा विचार मनात येतो का? कसं करायचं हेही ठरवलं आहेस का? उत्तर हो असेल तर आज रात्री एकटा राहू नकोस. जे जवळ ठेवलं असशील ते रूममेटच्या ताब्यात दे, आणि आत्ताच १४४१६ किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग. आईला फोन कर. फीचं नंतर बघता येतं. बोटं बधिर होणं, अक्षरं हलणं हा आजार आहे आणि तो बरा होतो. तुझ्या बुद्धीबद्दल किंवा लायकीबद्दल तो काहीही सांगत नाही.

---

लालमाती

फोन लावला. ताई होत्या, सावकाश बोलल्या, घाई नाही केली. काही ठरवलेलं नव्हतं, नुसता विचार यायचा. रूममेटला सांगितलं, तो इथेच झोपणार आहे. आईलाही लावला. ती रडली, मग म्हणाली सकाळच्या एसटीनं निघते. बाबांना तीच सांगणार.

---

हापूसबाग (देवगड)

पोरा, मीही कलमांवर कर्ज काढणाऱ्यांतलाच बाप आहे. मोहर गळला तर पुढच्या वर्षी परत येतो. तुझ्या बाबांना विचार, ते काय वाचवायचं म्हणतील. खर्च नाही म्हणणार.

---

तिरफळ (कुडाळ)

लालमाती, उद्या आई पोचली की इथे एक ओळ टाक.

सुरंगीताई, तुम्ही परत बोगद्यातून जायला लागलात ते कसं, ते लिहा ना. आणि डॉक्टर, गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर का? आमच्याकडे सगळे हेच म्हणतात, म्हणून मी टाळतोय.

---

सुरंगी

एका दिवसात गेले नाही. समुपदेशक ताईंनी आधी दवाखान्यातच धडधड मुद्दाम करवली. खुर्चीत गोल फिरवलं, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला, जिने चढवले. मला राग आला होता, जे टाळायला आले तेच करायला लावतात म्हणून. पण गरगरलं, धडधडलं, आणि काही झालं नाही. हे शरीराला कळावं लागतं, नुसतं डोक्याला कळून भागत नाही.

मग पायऱ्या ठरवल्या. आधी रत्नागिरी स्टेशनावर जाऊन फलाटावर नुसतं बसायचं, गाड्या जाऊ द्यायच्या. मग उलट्या दिशेला निवसरपर्यंत जाऊन परत. त्या वाटेवर पानवलचा उंच पूल लागतो, तिथे पोटात गोळा आलाच. मग पॅसेंजरनं भोकेपर्यंत, बोगद्याच्या अलीकडे. मग बहिणीबरोबर पलीकडे उक्षीला. मग एकटी. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची. भीती चढलेली असताना उठून जायचं नाही, ती उतरायला लागेपर्यंत तिथेच राहायचं. चढलेल्या भीतीत पळालो तर मनाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो.

सगळ्यात अवघड होतं ते पर्समधल्या वस्तू सोडणं. पाण्याची बाटली, जादाची गोळी, यांना फोन चालू ठेवून बसणं, दाराजवळची जागा. एकेक करून सोडल्या. घड्याळाचं तुमचं तसंच आहे, दादा. आधी रात्रीपुरतं काढून ठेवा.

एकट्यानं सुरू करायचं असेल तर अगदी छोट्या पायरीपासून. पण त्रास जास्त असेल तर माणूस सोबत घ्या, अर्धवट सोडलं की पुढची खेप जड जाते.

---

अबोली

गोळ्यांबद्दल. पॅनिकसाठी पहिल्यांदा दिली जातात ती औषधं बहुधा नैराश्यावरचीच असतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत मळमळ, अस्वस्थता थोडी वाढू शकते, म्हणून कमी डोसनं सुरुवात करतात. नेमक्या त्याच दिवसांत लोक 'मला सोसत नाही' म्हणून बंद करतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा. पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यायला सांगतात आणि मग हळूहळू उतरवतात. बहुतेकांना जन्मभर लागत नाहीत. एकदम बंद केल्या तर गरगरतं, चिडचिड होते, आणि लोक समजतात सवय लागली.

सवय लागते ती दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांची, ज्या अर्ध्या तासात शांत करतात. त्या थोड्या दिवसांसाठी, मोजून दिल्या जातात. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या पाकिटातली घेणं, चिठ्ठीशिवाय दुकानातून आणणं, दारूबरोबर घेणं, हे तिन्ही धोक्याचं. बरेच दिवस घेत असाल तर त्याही एकदम बंद करायच्या नाहीत.

गोळ्या नको असतील तर विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती, म्हणजे सुरंगींनी केली ती, पॅनिकमध्ये औषधांइतकीच चांगली लागू पडते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं की धडधडीपेक्षा त्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ, 'हृदय बंद पडतंय', अटॅक पेटवतो. तिरफळ, तुमचं घड्याळ आणि तुमची नाडी यांचं नातं हेच आहे.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बायकोला वाचायला दिलं. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिनेच कागदपत्रांची पिशवी काढली आणि आम्ही दोघांनी मिळून ती माळ्यावर खुंटीला लावली. मोठ्या पोराला आईच्या औषधांचं काम दिलं. सोमवारी दवाखान्यात जातोय, तीही येणार आहे.

---

तिरफळ (कुडाळ)

मीही ठरवलं. ओरोसला जिल्हा रुग्णालयात जातो. पण तिथे कुणाला भेटायचं, काय सांगायचं? खिडकीवर सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे अवघड वाटतं.

---

सुरंगी

दादा, केसपेपर काढताना 'मनोविकार विभाग' एवढंच म्हणा, कारण सांगावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयांत हा विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसंही तिथेच भेटतात. डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आधी फोन करून विचारा, म्हणजे खेप फुकट जाणार नाही. सगळे जुने इसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेली औषधं घेऊन जा, आयुर्वेदिक चालू असतील तर तीही. अटॅक कधी येतो, किती वेळ राहतो, त्या भीतीनं काय काय सोडलं, हे घरीच कागदावर लिहून न्या. आत गेल्यावर सुचत नाही. झोप, चहा, तंबाखू, दारू, जे असेल ते खरं सांगा. शक्य असेल तर घरचं एक माणूस बरोबर घ्या, आईंना नेलंत तरी चालेल.

लालमाती, आई पोचली का रे?

---

लालमाती

पोचली. येताना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आलीये. दुपारी आम्ही दोघं डॉक्टरांकडे चाललोय, नंबर लावला आहे.